ठिपक्याचा ह़

मृग कोरडा गेला, आर्द्रा निम्म्या सरल्या आणि हर्सूलच्या तलावात पोरं पुन्हा क्रिकेट खेळायला लागली. तलावात स्टंप रोवले गेले की ते वर्ष कसलं आहे, हे आम्हाला पंचांगात बघावं लागत नाही. सकाळी मी तिकडं एक चक्कर मारून येतो. तळ भेगाळलाय. उन्हानं एकेक खपली वर उचललीय, तिच्यावर चप्पल पडली की खापरासारखी मोडते. पलीकडं जेलची भिंत, अलीकडं नव्या इमारती आणि मधी ही रिकामी परात. इमारतींना नावं पण काय एकेक. लेक व्ह्यू म्हणं. कशाचा व्ह्यू? म्हशींचा.

घरी आलो की ओट्यावर बसतो आणि मोबाईल काढतो. माझ्या मोबाईलमध्ये एक कीबोर्ड आहे, तो तुमच्यात नसंल. त्यात एक ह आहे, त्याच्या पोटाखाली ठिपका आहे. त्या ठिपक्याबद्दल लिहायला बसलोय. मी चौथी शिकलो, तीही दोनदा. मंगल, म्हणजे माझी लेक, म्हणाली, "बा, तुम्ही कागदावर लिहा, मी टाईप करते." शुद्धलेखन तिनं बघितलंय. शिव्याही तिनंच काढल्यात, नायतर लेख जरा लांबला असता.

आम्ही सोयगावच्या वरच्या डोंगरातले भिल्ल. मी आणि माझी बायको गेंदी वेगवेगळ्या पाड्यावरचे, पण एकाच नाल्याचं पाणी प्यालेले. लग्न झालं आणि दुसऱ्याच साली तो नाला आटला. झिरा उकरून उकरून हाताला निस्ती वाळू लागायला लागली तेव्हा आम्ही डोंगर उतरलो ते इथं आलो. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर. शहर त्या वेळी सुटलेल्या जनावरासारखं वाढत होतं. मी गवंड्याच्या हाताखाली लागलो, पुढं स्वतः गवंडी झालो. गेंदी घमेली वाहायची. जिथं इमारत तिथं आमचं पाल, इमारत झाली की पाल पुढं. पाण्यापायी गाव सोडलं आणि इथं तरी पाणी कुठं होतं? टँकर यायचा तो बांधकामाला. नव्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी, माणसाला उरलंसुरलं. गेंदी म्हणायची, "पुढच्या जल्मी मी भिंतच व्हईन."

हे ती आमच्या बोलीत म्हणायची. तिचं सगळं बोलणं भिलीतलं, तुमच्यासाठी मी मराठीत उतरवतोय. उतरवताना निम्मं सांडतंय, ते मला कळतंय. आमच्या बोलीत नवऱ्याला अहोजाहो नाही. ती मला चारचौघांत अरे-तुरे करायची आणि साईटवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

आता तो ह. तुम्ही जिथं स म्हणता तिथं आम्ही ह म्हणतो, पण तुमचा ह नाही. तुमचा ह छातीतून निघतो आणि बाहेर येऊन उभा राहतो. हत्तीतला ह, हवालदारातला ह. आमचा घशातून निघतो आणि ओठाशी यायच्या आत निम्मा विरतो. दिव्यावर फुंकर घालायला तोंड पुढं करावं आणि ऐन वेळी आठवावं, नको, विझवायचा नाही, तसा. चांगलं ते आमचं ह़ारू. आणि पाऊस म्हणजे वरह़ात.

या वरह़ातवरून साईटवर एकदा मोठी मजा झाली होती. गेंदी नवीन होती, मराठी तिला येत नव्हती. दुपारी आभाळ आलं, सिमेंटच्या गोण्या उघड्यावर. ही वरून ओरडली, "वरह़ात आवी! वरह़ात आवी!" मुकादमानं ऐकलं वऱ्हाड. तो फाटकाकडं जाऊन रस्त्यावर बघत उभा राहिला. कुठं बँड नाही, घोडा नाही. तेवढ्यात सर कोसळली. गोण्या भिजल्या आणि मुकादमही भिजला. "गेंदाबाई, तुझ्या आईला, हे वऱ्हाड व्हय?" असं म्हणत तो हसायला लागला. तेव्हापासून त्या साईटवर पावसाला सगळेच वऱ्हाड म्हणायचे. जून उजाडला की मुकादम विचारायचा, "काय गेंदाबाई, यंदा वऱ्हाड कधी?" ही तोपर्यंत मराठी शिकली होती. म्हणायची, "तुमच्या दुसऱ्या लग्नाला!"

मंगल मराठीतच वाढली. आमचं बोलणं तिला समजायचं, पण उत्तर मराठीत यायचं. ती कॉम्प्युटर शिकली, छपाईच्या दुकानात लागली. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर. त्या दुकानात बसून तिच्या डोक्यात आलं की जगाच्या पत्रिका आपण टाईप करतो आणि आपल्या आईचं बोलणं टाईप करायला बटन नाही. नंदुरबारकडची आमच्यातली चार शिकलेली पोरं तिला फोनवर भेटली. त्यांनी मिळून ठरवलं, आपल्या बोलीचा कीबोर्ड करायचा. मी म्हणालो, "करा की. काय, आठवडाभराचं काम असंल." मला वाटलं होतं, भिंतीत एक वीट कमी आहे, ती बसवायची, झालं. पण बांधून झालेल्या भिंतीत वीट बसवायची म्हणजे काय, हे गवंड्यालाच विचारा. एक बसवायला चार हलवाव्या लागतात.

त्या उन्हाळ्यात गेंदी घरीच असायची. तिची छाती धरली होती. आयुष्यभर सिमेंट आणि दगडाचा भुगा आत गेला होता. डॉक्टर म्हणाले, आतून कडक झालंय. मी म्हटलं, किती कडक? ते म्हणाले, तुम्ही गवंडी ना, समजून घ्या.

नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बाहेर धूळ. आम्ही दार लोटून घ्यायचो आणि मंगल शहाबादी फरशीवर खडूनं चौकोन आखायची, कीबोर्डसारखे, ओळीनं. एकेका चौकोनात एकेक अक्षर. मग गेंदीपुढं ज्वारीच्या दाण्यांनी भरलेलं सूप ठेवायची आणि म्हणायची, "आई, बोल काहीही." गेंदी बोलायची. लहानपणी मोहाची फुलं वेचायला पहाटे कसं जायचं, झिऱ्यातलं पाणी भरेपर्यंत भावाबरोबर खडे कसे खेळायचे. ती बोलायची तसं मंगल त्या त्या अक्षरावर एकेक दाणा टाकत जायची. म्हणजे कुठलं अक्षर किती लागतं ते ढिगावरून कळायचं. ज्याचा ढीग मोठा ते बोटाजवळ ठेवायचं, ज्याचा लहान ते लांब. तिच्या गोष्टी संपेपर्यंत फरशीवर ज्वारीचे डोंगर व्हायचे. सगळ्यात उंच डोंगर त्या गिळलेल्या ह चा असायचा. ओळीत त्याला चौकोनच नव्हता. मंगलनं तो बाजूला, चौकटीच्या बाहेर काढला होता.

संध्याकाळी गेंदी सगळे दाणे गोळा करायची, पाखडायची, दळणात टाकायची. भाकरी करताना म्हणायची, "खा, माझ्या बापाच्या गावच्या गोष्टी हायत." त्या भाकरीला खडूची थोडी चव लागायची.

मंगलनं मला समजावलं की एका बटनावर दोन अक्षरं असतात. एक तळात राहतं, एक माडीवर. शिफ्ट दाबलं की माडीवरचं खाली येतं. रिकामी जागा सगळी माडीवर होती. मंगल म्हणाली, "आई, तुझा ह माडीवर ठेवू?"

"नको," गेंदी म्हणाली. "मला जिना चढवत नाय."

"तुला नाय चढायचं, आई. अक्षराला."

"त्याला पण दम लागतो. तळात ठेव."

"मग तळातून उठवू कुणाला?"

गेंदीनं फरशीवर नजर फिरवली. तिला वाचता येत नव्हतं, ती ढीग बघत होती. एका चौकोनात चारच दाणे होते. "ह्याला पाठव वर. ह्याचं आपल्याकडं काम नाय." तो स होता. मंगल हसत सुटली. स गेला माडीवर आणि त्याच्या जागी आमचा ह आला. आमच्या तोंडात तर हे कधीचंच झालेलं होतं.

पण ह तर आधीच होता, साधा, मराठी. दोघं सारखे दिसून चालणार नव्हतं. ती नंदुरबारची पोरं फोनवर वाद घालायची. कुणी म्हणे वर रेघ द्या, कुणी म्हणे पुढं टिंब द्या. गेंदी खाटेवर पडून ऐकत होती. तिनं मंगलला जवळ बोलावलं आणि आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं. हनुवटीवर तिला गोंदणाचा ठिपका होता, लहानपणी सुईनं टोचलेला, हिरवा पडलेला. "असा दे. पोरगी कुणाची ते ठिपक्यावरनं कळतं."

असा तो ठिपका खाली आला.

मग परीक्षा. कीबोर्ड पुरा झाला नव्हता, पण मंगलनं तिच्या कॉम्प्युटरवर कच्चा उभा केला होता. ती एक शब्द टाईप करायची, मी पडद्यावर बघून मोठ्यानं वाचायचं, आणि गेंदीनं ऐकून सांगायचं, बरोबर का चूक. मला बोली येत होती हीच पंचाईत. दोन अक्षरं दिसली की पुढचं मी अंदाजानंच बोलून टाकायचो. गेंदीला लगेच कळायचं. खाटेच्या दांडीवर ती हातातलं कडं वाजवायची, टक.

"सांगू नको. वाच."

"वाचतोच की."

"नाय. तू सांगतो. लिवलंय तेवढं वाच."

मी पुन्हा वाचायचो. माझा ह मराठी निघायचा. ती म्हणायची, "हवालदार आला बघ." मंगल लोळायची हसून. मग कधीतरी तो नीट निघायचा, अर्धा विरलेला, आणि गेंदी डोळे मिटून म्हणायची, "व्हय." त्या एका व्हयसाठी मी दिवसभर वाचलं असतं. चाळीस वर्षं विटा रचल्या, ओळंबा लावून कुणी असं व्हय म्हणालं नव्हतं.

जेठ महिना उतरणीला लागला. तिचा दम वाढत गेला. शेवटी शेवटी तिचं सगळंच बोलणं त्या ह सारखं झालं, निघायचं आणि ओठाशी विरायचं. मंगल दाण्यांचं सूप घेऊन बसायची आणि दाणे कुठं टाकावेत तिला कळायचं नाही.

गेंदी दोन गोष्टींची वाट बघत होती. एक, गावाकडं पाऊस कधी पडतो. दुसरी, जमनाचं लग्न. जमना तिच्या भावाची, भावसिंगची पोरगी. सोयरीक झाली होती, पण पाड्यावर पाणी नाही म्हणून लग्न पुढं ढकललं होतं. पाहुण्यांना पाजायचं काय? आमच्यात नवरीला पहिली हळद तिच्या फुईनं लावायची, म्हणजे आत्यानं. फुई आल्याशिवाय हळद कालवत नाहीत. गेंदीनं हळकुंडं फडक्यात बांधून उशाला ठेवली होती. मी म्हणालो, "तुला बसवत नाय, तू कुठं चालली हळद लावायला?" ती म्हणाली, "जमनाला इकडं आणा. मी पडल्या पडल्या लावते."

एक दिवस दुपारी मी टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभा होतो. घरी मंगलच्या मोबाईलवर जमनाचा मेसेज आला. फुई, गावमा वऱ्हाड आवी. मंगल दिवसभर पत्रिका टाईप करणारी. तिला वऱ्हाड म्हणजे वऱ्हाड. आणि मेसेज नवरीच्याच हातचा. तिनं आईला वाचून दाखवला नाही, सांगितला. "आई, जमनाचं वऱ्हाड आलंय गावात."

ती तो जसाच्या तसा वाचती, आवी म्हणती, तर गेंदीला कळलं असतं. त्या शब्दावर ती जन्मभर हसली होती.

मी हंडे घेऊन आलो तेव्हा मंगल दारातच हळू आवाजात म्हणाली, "जमनाचं लगीन उरकलं." वऱ्हाड हा शब्द माझ्या कानावर आलाच नाही. आत गेंदी भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हटलं, "भावसिंगला फोन लावू?" फोन तिकडं लागतच नव्हता, पण तिनं तोही लावू दिला नाही. "ज्याला सांगायचं नव्हतं त्याला काय विचारायचं." जरा वेळानं तिनं उशाचं फडकं सोडलं, हळकुंडं मंगलच्या हातात दिली. "घे. वरणात घाल."

मंगलनं कुटून घातली. मी जेवलो. पिवळंजर्द वरण झालं होतं.

त्यानंतर ती फार बोलली नाही. गावाचं नाव तर काढलंच नाही. रोज विचारायची, पाऊस पडला का, तेही बंद केलं. त्याच आठवड्यात गेली. खिडकीतून धूळ येत होती म्हणून मी उठून खिडकी लावली आणि वळलो, तेवढ्यात.

सोयगावच्या माणसाहाती निरोप गेला तसा भावसिंग दुसऱ्या दिवशी आला, बरोबर जमना. मी ओट्यावर बसलो होतो, मान खाली. मला आधी दिसल्या त्याच्या चपला. घोट्यापर्यंत चिखल. काळा, ओला, डोंगरातला. आमच्या अंगणात पाण्याचा टिपूस नव्हता आणि ह्याच्या पायाला चिखल. मी नुसता त्या चिखलाकडं बघत राहिलो. मग म्हणालो, "पोरीचं लगीन केलं, भावसिंग, आणि बहिणीला एक शब्द नाय?"

"कुणाचं लगीन, दाजी?" तो म्हणाला. "पाऊस लागलाय तिकडं. आठवडा झाला, नाला भरून चाललाय. पेरणी सोडून आलो. लगीन दिवाळीनंतर."

मंगल आतून मोबाईल घेऊन आली. जमनापुढं धरला. जमनानं वाचलं आणि ओढणीचं टोक तोंडात घेतलं. "मी साध्या ह नं वरहात लिवलं होतं, फुवा," ती मला म्हणाली. "मोबाईलनं आपोआप बदललं. मी बघितलंच नाय. फुईला आधी सांगायचं म्हणून पळत टेकाडावर गेले, तिथं जरा रेंज येते."

भर पावसात टेकाडावर चढून त्या पोरीनं सगळ्यात आधी आपल्या फुईला पाऊस कळवला होता. आणि फुई भावावर रुसून गेली.

चूक कुणाची म्हणून मला विचारतात. पोरीची नाही. मंगलची नाही. मोबाईलला काय, त्याला जेवढे शब्द शिकवले तेवढे त्याला येतात. त्याला वऱ्हाड माहीत होतं, वरह़ात माहीत नव्हतं. आमच्या मुकादमालाही माहीत नव्हतं. पण मुकादम भिजला तेव्हा त्याला कळलं. मोबाईल भिजत नाही.

मंगलनं पुढं कितीतरी महिने कीबोर्डला हात लावला नाही. दुकानात पत्रिका यायच्या, त्यात वऱ्हाडी मंडळी हा शब्द आला की ती उठून पाणी प्यायला जायची. मालकानं एकदा विचारलं, "काय गं, दर पत्रिकेला तहान लागती का तुला?" घरात खडूच्या रेघा फरशीवर तशाच होत्या. मी झाडताना तेवढा भाग सोडून झाडायचो. एक दिवस मीच म्हणालो, "पोरी, भिंत अर्धी सोडू नये. अर्ध्या भिंतीवर कुत्री चढतात." ती रडली, मग चिडली, मग बसली. कीबोर्ड पुरा केला. शब्द आपोआप बदलणार नाहीत असंही काहीतरी केलं त्यात. मला विचारू नका काय, ते तिलाच कळतं. एवढं कळतं की आता वरह़ात लिहिलं की वरह़ातच राहतं. डोंगरातली पोरंसोरं त्याच्यावर एकमेकांना चिडवतात, भांडतात, निरोप धाडतात. मंगल सांगते, बा, लई लोकं वापरतात. मी म्हणतो, बरं झालं.

झालंच बरं. पण मी कुणाशी बोलू? बोली दोघांची असते. मंगल माझ्याशी आता मुद्दाम भिलीत बोलायला बघते, आईसारखा ह काढायला जाते आणि तिचा मराठी निघतो. मी तिला हवालदार आला म्हणत नाही. माझा तरी कुठं धड निघतो? निघाला तरी तो बरोबर निघाला का, हे सांगणारा कान आता घरात नाही. रोज मी त्या अक्षराकडं बघतो. वरती डोकं, खाली वळण आणि वळणाखाली तो ठिपका. कुणाची पोरगी ते ठिपक्यावरनं कळतं.

जमनाचं लग्न दिवाळीनंतर झालं. पहिली हळद तिच्या आईनं लावली, फुईच्या नावानं थोडी जमिनीवर सोडून. मी मांडवाच्या कडेला बसलो होतो. वऱ्हाड आलं, बँड वाजला, आणि मी उठून नाल्याकडं निघून गेलो. नाल्याला तेव्हा पाणी होतं.

यंदा नाही. काल दुपारी मोबाईल वाजला. जमनाचा मेसेज, आमच्या कीबोर्डवरून. फुवा, वरह़ात हजी नी आवी. म्हणजे पाऊस अजून आला नाही. शब्द बघितला. एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नव्हतं, ह जागेवर, ठिपका जागेवर. पहिल्यांदा तो शब्द त्या डोंगरातून या घरापर्यंत धड आला आणि आला तो 'नाही' घेऊन.

मंगल दुकानात गेलेली होती. गेंदीची खाट मी अजून काढलेली नाही, तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवतो. मी मोबाईल घेऊन आत गेलो आणि खाटेजवळ बसलो. बाहेर टँकरचा हॉर्न वाजत होता, बाया हंडे घेऊन पळत होत्या, मला पण जायला पाहिजे होतं. चष्मा पुसला. एकेका अक्षरावर बोट ठेवत, अंदाज न लावता, लिवलंय तेवढं मोठ्यानं वाचलं. सांगितलं नाही. वाचलं.